बंद झालेल्या ग्रामर स्कूलचे फोटो, वस्तू आणि आठवणी कशा जपाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये राहता. गावातली जुनी ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी माध्यमिक शाळा) १९७०च्या दशकात कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (परीक्षेविना सगळ्यांना घेणाऱ्या शाळेत) विलीन झाली. माजी विद्यार्थी संघाचे उरलेले सभासद आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्याकडची खोकी तुमच्या गॅरेजमध्ये येऊन पडली आहेत. तर स्कॅनर कोणता घ्यावा?

स्कॅनरचं नंतर बघू. नीट ठेवलेला फोटो आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण त्यातल्या मुलांना ओळखणारी माणसं तोवर असणार नाहीत. म्हणून आधी नावं गोळा करा. मोबाईलवर फोटोची साधी प्रत काढा, ए३ कागदावर छापा, प्रत्येक डोक्यावर क्रमांक घाला आणि एका वेळी दोघातिघांना घेऊन बसा. एकटा माणूस अडतो. दहाबारा जण एकत्र आले की गप्पा रंगतात, पण नोंदी होत नाहीत. नावाबरोबर कोणी ओळखलं, कोणत्या तारखेला, खात्रीने की अंदाजाने, हेही लिहा. मुलींचं माहेरचं आडनाव आणि मास्तरांचं टोपणनाव हवंच, कारण जुन्या पत्रांत तेच सापडतं. मूळ फोटोवर बॉलपेन अजिबात नको. मागच्या कडेला २बी पेन्सिलने हलक्या हाताने क्रमांक लिहा. प्लॅस्टिकचा थर असलेल्या नव्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर.

खोकी लगेच गॅरेजमधून हलवा. कागद आणि फोटोंना १३ ते २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. गॅरेज दमट, पोटमाळा उन्हाळ्यात तापतो. घराच्या आतल्या भिंतीलगतचं कपाट बरं, तेही जमिनीपासून वर. खोकं उघडल्यावर गठ्ठे सोडण्याआधी आहेत तसे त्यांचे फोटो काढा. कोणता कागद कशासोबत बांधला होता, यावरूनच पुष्कळदा वर्ष कळतं.

सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे अख्ख्या शाळेचा लांबलचक फोटो. हळूहळू फिरणाऱ्या कॅमेऱ्याने तो काढत, त्यामुळे एखादा चपळ मुलगा मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना उभा दिसतो. तिथे दोन क्रमांक, एकच नाव. असे फोटो वर्षानुवर्षं गुंडाळलेले असतात आणि जोराने उलगडले की चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनच्या थराला आडव्या भेगा पडतात. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी पिळलेला ओला टॉवेल, त्यावर उंच जाळी आणि जाळीवर गुंडाळी. पाणी फोटोला लागता कामा नये. झाकण लावून दर अर्ध्या तासाने बघा. सहसा दोन-चार तासांत कागद सैल होतो. मग टिपकागदावर चित्र वर करून पसरा, चित्रावर न चिकटणारं पातळ पॉलिएस्टर कापड, वर दुसरा टिपकागद, सपाट फळी आणि वजन. टिपकागद पहिल्या तासाने बदला, नंतर रोज, आठवडाभर. डबा रात्रभर बंद ठेवला तर जिलेटिन चिकट होतं आणि बुरशी धरते. आधीच भेगा असतील किंवा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, तर हा उद्योग करू नका. इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्झर्व्हेशन या जतन-तज्ज्ञांच्या संस्थेच्या यादीतला माणूस गाठा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकटच त्याची प्रत काढा.

ब्लेझर आणि चांदीचे चषक एका कपाटात ठेवू नका. लोकरीत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते. चषक वारंवार घासूही नका, प्रत्येक पॉलिशबरोबर कोरलेली नावं झिजतात. ब्लेझरला कसर लागली असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं. सन्मानफलकांची (गुणवंत विद्यार्थ्यांच्या नावांच्या लाकडी पाट्यांची) सोनेरी अक्षरं ओल्या फडक्याने निघून येतात. मऊ कोरडा ब्रश पुरे. युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांचा फलक जुन्या इमारतीत असेल आणि इमारत विकली जाणार असेल, तर स्वतः स्क्रू काढू नका. युद्धस्मारकं जपणाऱ्या वॉर मेमोरियल्स ट्रस्टचा सल्ला घ्या आणि इम्पीरियल वॉर म्युझियमच्या स्मारक-नोंदणीत तो आहे का ते पाहा.

आता कागद. १९६५च्या १०/६५ या सरकारी परिपत्रकानंतर स्थानिक प्रशासनांनी बहुतेक ग्रामर स्कूल एकामागून एक विलीन केल्या, आणि त्या हलवाहलवीत दप्तर विखुरलं: काही नव्या शाळेत, काही काउंटीच्या कचेरीत, काही कोणाच्या तरी घरी. बीटल्सवाल्या जॉन लेननच्या शाळेत, लिव्हरपूलच्या क्वारी बँकमध्ये, जुन्या वह्या जाळायला काढल्या होत्या. त्यातून एका शिक्षकाने वाचवलेली लेननची १९५५-५६ची शिक्षापत्रकं २०१३मध्ये लिलावात गेली. तेव्हा नॅशनल आर्काइव्हजच्या (राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) डिस्कव्हरी या ऑनलाइन सूचीत तुमच्या शाळेचं नाव आधी शोधा. प्रवेश नोंदवही (आपल्याकडचं जनरल रजिस्टर) किंवा शिक्षेची वही हाती लागली तर ती काउंटी रेकॉर्ड ऑफिसला (जिल्ह्याच्या अभिलेखागाराला) द्या आणि इंटरनेटवर मुळीच टाकू नका. त्यातली माणसं हयात असू शकतात, त्यांना माहिती-संरक्षण कायदा लागू होतो. फोटोचा हक्कही (कॉपीराइट) बहुधा छायाचित्रकाराचा किंवा तो काढवून घेणाऱ्याचा असतो, छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. प्रत विकत घेतल्याने तो तुमचा होत नाही.

स्कॅनर साधा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) चालेल. पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० पीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), कागद आणि लांब फोटो ४००. काळे-पांढरेसुद्धा रंगीतच स्कॅन करा, मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात. ९० बाय २० सेंटिमीटरच्या फोटोची फाइल सुमारे १३४ एमबी होते. तो तुकड्यांत घ्यावा लागेल: शेजारचे तुकडे पाव भाग एकमेकांवर यायला हवेत आणि आपोआप उजेड ठरवण्याची सोय बंद हवी, नाहीतर जोडावर पट्टे दिसतात. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच घरी.

मुलाखती ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये ध्वनिमुद्रित करा आणि संमतीपत्रावर त्याच दिवशी सही घ्या.

आणि मालकी. 'कायमची उसनी' म्हणून कोणाचीही वस्तू घेऊ नका. देणाऱ्याचे वारस दहा वर्षांनी दारात येतात आणि संग्रहालयही असली वस्तू घेत नाही. एका पानाचं दानपत्र करा. संघाच्या पुढच्या सभेतच ठराव घ्या की संघ बंद झाला तर कागद रेकॉर्ड ऑफिसला आणि वस्तू गावच्या संग्रहालयाला जातील. त्याआधी दोन्हीकडे विचारून घ्या. चाळीस टाय कोणीच घेणार नाही, पण नाव, वर्ष आणि मालकाचा फोटो सोबत असलेला एक टाय घेतील.