ख्रिस्ती संस्थेतर्फे परदेशातील गरीब कुटुंबांची घरे बांधायला मुलीला पाठवावे का?

आपण विचारले आहे की, परदेशात शिकणारी आपली मुलगी तिथल्या एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेतर्फे दोन आठवडे आफ्रिकेतल्या मलावीत गरीब कुटुंबांची घरे बांधायला जाणार आहे, प्रवासखर्च आणि वर संस्थेचे शुल्कही तिलाच भरायचे आहे, तर ही सेवा म्हणायची की सहल, आणि त्यात धर्मप्रसार कितपत असतो. अशा प्रश्नांचा विचार बहुधा पाठवणाऱ्यांच्या बाजूनेच होतो. ज्यांच्या दारात हे स्वयंसेवक उतरतात त्यांच्या बाजूने मी लिहितो, कारण हर्णैजवळ मी घरबांधणीची कामे घेतो आणि अशाच एका संस्थेच्या घरांवर देखरेखीला होतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या फोडल्या, समुद्रात गेलेली काही माणसे परतलीच नाहीत, आणि कोळीवाड्यातली कौले-पत्रे उडून गेली. पंचनामे आणि तलाठ्याकडच्या फेऱ्या संपेपर्यंत नाताळ आला. त्यानंतर इंग्लंडमधील एका ख्रिस्ती संस्थेने मुंबईच्या एका संस्थेमार्फत आमच्या गावातील काही कुटुंबांना घरे बांधून द्यायचे ठरवले आणि जानेवारीपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊ लागल्या. त्यांत कॉलेजची मुले होती, निवृत्त शिक्षिका होत्या, एक बँकेतला अधिकारी होता. कामचुकार त्यांच्यात एकही नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडचे बांधकाम जांभ्याचे. एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा. खाणीतून ताजा निघालेला असतो तोवर तासायला मऊ आणि हवा लागली की टणक, त्यामुळे तो केव्हा तासायचा आणि त्याची कोणती बाजू दर्शनी ठेवायची हे हाताला कळावे लागते. कोपऱ्यावर ओळंबा सोडायचा, दोरी ताणायची, खालच्या थराचा सांधा वरच्या चिऱ्याखाली झाकला जाईल असे पाहायचे आणि माल इतकाच घालायचा की चिरा दाबल्यावर तो कडेने जेमतेम डोकावेल. हे अंगवळणी पडायला आमच्या पोरांना दोन-तीन हंगाम लागतात. पाहुण्यांना ते न्याहारीनंतर अर्ध्या तासात, दुभाष्यामार्फत शिकवण्यात आले.

पहिलेच घर एका कोळणीचे होते. त्याची पश्चिमेची भिंत पाचव्या थराला अंगठाभर बाहेर कलली आणि तीन थरांचे सांधे रेघ मारल्यासारखे एकाखाली एक आले. ती भिंत समुद्राकडची होती, म्हणजे पावसाचा मारा थेट तिच्यावरच. मी ती उतरवायला सांगितली तेव्हा संस्थेच्या समन्वयकाने मला बाजूला घेऊन बजावले की पाहुण्यांच्या देखत काहीही पाडायचे नाही, त्यांचे मन मोडेल. मग संध्याकाळी त्यांची बस दापोलीच्या हॉटेलकडे वळली की आमचे दोन गवंडी हॅलोजन लावून तीच भिंत उतरवीत आणि पुन्हा रचीत. असे एकाच घरी झाले नाही. त्या रात्रपाळीची मजुरी हिशेबात ‘किरकोळ’ या सदरात गेली. घरमालकीण उपड्या पाटीवर बसून हा सगळा व्यवहार पाहत असे. एका रात्री ती मला म्हणाली, ‘‘दिवसाचं बांधतात ते कोणासाठी आणि रात्रीचं बांधता ते कोणासाठी, ते एकदा सांगा, म्हणजे चहा किती जणांचा टाकायचा ते मला कळेल.’’ मी समन्वयकाला हे भाषांतर करून सांगितले. तो मोकळेपणाने हसला आणि पुढच्या आठवड्यात नवी तुकडी आली.

मला खरे खटकले ते मात्र वेगळेच. या बाईचे दोन तरणे मुलगे होडी फुटल्यामुळे घरी बसून होते आणि मजुरीवर यायला तयार होते, पण विम्याचे कारण सांगून त्यांना कामाच्या दोरीच्या आत येऊ दिले नाही. स्वतःचे घर उभे राहताना ते दोघे पाहुण्यांसाठी शहाळी सोलत होते. अशा कामात घरच्यांना बाहेर ठेवणे हे काही ख्रिस्ती संस्थांचे तत्त्व नाही. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेली संस्था ख्रिस्तीच आहे, आणि तिचा मूळ नियमच असा की कुटुंबाने स्वतः अंगमेहनत करायची आणि घराचे पैसे बिनव्याजी हप्त्यांनी फेडायचे. २००६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष कार्टर पत्नीसह लोणावळ्याजवळ तिच्याच शंभर घरांच्या कामावर आले होते. छायाचित्रे त्यांची निघाली, पण घरात राहायला जाणारी माणसेही त्यांच्या शेजारी उभी राहून काम करीत होती.

आराखड्याबद्दल तर कोणी आम्हाला विचारलेही नाही. चौकोनी खोल्या, वर सपाट स्लॅब, पुढे ओटी नाही, पडवी नाही, छपराला वळचण नाही. मासेमारी करणाऱ्या घराला जाळी ठेवायला आणि विणायला सावलीची जागा लागते, पावसात सुकी मासळी राखायची असते. पहिल्याच मे महिन्यात प्रत्येकाने पुढे पत्रे घातले आणि पश्चिमेच्या भिंतीवर झावळ्यांची झापे बांधली. आज त्या घरांकडे पाहिले तर संस्थेने बांधलेले काय आणि लोकांनी जोडलेले काय हे लांबूनही ओळखू येते, आणि माणसे बसलेली असतात ती जोडलेल्या भागात.

आता धर्माचे. माझे थोरले चुलतभाऊ अण्णा हे गावातील पालखीचे मानकरी. त्या वर्षी शिमग्याच्या सभेत त्यांनी विषय काढला की, ही घरे बाटलेली आहेत, ग्रामदेवतेची पालखी तिथे नेऊ नये. घडले होते ते इतकेच: पाहुणे सकाळी काम सुरू करण्यापूर्वी वर्तुळ करून पाच मिनिटे प्रार्थना करीत, तेवढ्यात आमचे गवंडी विडी ओढून घेत, आणि घर ताब्यात देताना चावीबरोबर मराठी ‘नवा करार’ देत. त्या कोळणीच्या फडताळात तो ग्रंथ अजून आहे आणि तिची विजेची बिले त्याच्यात ठेवलेली असतात. गावात एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. सभेत हे सगळे सांगितले, तासभर वाद झाला, शेवटी पालखी गेली, नाचलीही. पण त्या दिवसापासून अण्णा मला चारचौघांत ‘मिशनचा मुकादम’ म्हणतात.

अण्णांना मी तेव्हाही सांगितले होते आणि आता लिहूनही ठेवतो की, त्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवले. आमच्या किनाऱ्याला मिशनरी नवे नाहीत. बाणकोटला आणि खुद्द हर्णैला स्कॉटिश मिशनरी १८२० च्या दशकात येऊन राहिले. ते धर्मप्रसारासाठीच आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाही, पण ते मराठी शिकले आणि त्यांनी शाळा काढल्या. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन इतके स्थायिक झाले की त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये तिथेच जन्मला; तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. काकूंचे माहेर त्याच बाजूचे, आणि अण्णांचा स्वतःचा जन्म मिशनच्या इस्पितळातला. तेव्हा कोणी बाटल्याचे मी ऐकलेले नाही. माझी तक्रार ख्रिस्ती असण्याबद्दल नाही, दोन आठवड्यांबद्दल आहे. जो माणूस पावसाळ्यापूर्वीच निघून जाणार, त्याला छपराची गळती कधीच दिसत नाही.

अण्णांच्या मताचे लोक आता खूश असतील, कारण २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थेला ते दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. त्याआधीच, २०१७ मध्ये, लाखाहून अधिक मुलांचा खर्च उचलणारी कम्पॅशन इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था भारतातून बाहेर पडली, आणि २०२४ च्या जानेवारीत वर्ल्ड व्हिजन इंडिया या दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेची परदेशी देणग्या घेण्याची नोंदणी रद्द झाली. हिशेब मागण्यास माझा मुळीच विरोध नाही, तो ‘किरकोळ’ सदराचा हिशेब मलाही हवा होता. परंतु मोठ्या संस्थेकडून गावातल्या लहान संस्थेकडे पैसा उतरण्याची वाटच बंद केली की बुडते ते शेवटचे घर, आणि त्या घरासाठी अण्णांनी किंवा त्यांच्या मंडळींनी आजवर एक चिरा दिलेला नाही.

आपल्या मुलीच्या पैशांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. त्या वर्षी आमच्याकडे गवंड्याला दिवसाला तीनशे-साडेतीनशे रुपये मिळत. एका पाहुण्याच्या विमानाच्या तिकिटात एका गवंड्याचे कित्येक महिने निघाले असते आणि भिंतही एकदाच बांधावी लागली असती. स्वतःच्या पैशाने जाणे यात मात्र गैर काही नाही. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ पासून इस्पितळाची जहाजे चालवते, त्यांवर आफ्रिकेच्या बंदरांत शस्त्रक्रिया करणारे सर्जनसुद्धा आपल्या राहण्या-जेवण्याचे पैसे स्वतः भरतात. पण ते सर्जन असतात. आमच्याकडे आलेल्यांत एक निवृत्त इलेक्ट्रिशियन होता. त्याने एकही चिरा उचलला नाही, सगळ्या घरांचे अर्थिंग तपासले, कोळीवाड्यातल्या दोन मुलांना वायरिंग शिकवले, आणि ती मुले आज त्याच कामावर पोट भरतात. आपली मुलगी काय शिकते हे आपण लिहिलेले नाही. ती हिशेब, परिचर्या, नळजोडणी यांपैकी काही जाणत असेल तर तिने तेच काम मागून घ्यावे. भिंत बांधायला मलावीत गवंडी आहेत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. समन्वयकाचे म्हणणे असे की, एकदा हाताने काम केलेला माणूस पुढे आयुष्यभर देणगी देतो, नुसते पत्रक वाचलेला देत नाही. ते खोटे म्हणता येत नाही, कारण त्या घरांचा दुसरा टप्पा पहिल्या तुकडीच्या देणग्यांवरच झाला, आणि तो संपूर्ण स्थानिक गवंड्यांनी बांधला. शिवाय मी एकाच संस्थेचे काम जवळून पाहिले आहे. मलावीतली संस्था याहून शहाणी असू शकते, आणि धर्माच्या दबावाबाबतही प्रत्येक ठिकाणचा अनुभव आमच्यासारखाच असेल असे मी म्हणत नाही.

तेव्हा मुलीने शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे की, त्या रकमेतून तिथल्या कारागिरांच्या मजुरीला किती जाते, घराच्या आराखड्यावर त्या कुटुंबाचे मत केव्हा घेतले, आणि घरातल्या कमावत्या माणसांना कामावर मजुरी देणार की नाही. आठवड्याभरात आकड्यांसह उत्तर आले तर तिला खुशाल जाऊ द्या. नुसती छायाचित्रे आली तर तिकिटाचे पैसे वाचवून ते गवंड्यांना मजुरी देणाऱ्या एखाद्या संस्थेकडे पाठवा, मग ती संस्था ख्रिस्ती असो वा अण्णांच्या पसंतीची.