काचेतलं बाळ छातीशी घ्यायला भीती वाटते?

“मॅडम, काचेच्या पेटीत बाळ उबेत आहे. बाहेर काढून छातीवर ठेवलं आणि गारठलं तर?”

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. आई हळू विचारते, आजी ठणकावून विचारते आणि बाबा बरंच काही मोबाईलवर वाचून आल्यावर विचारतात. सायलीच्या घरातून तो तिघांनीही विचारला, म्हणून तिची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

सायली धायरीची. बीपी वाढल्यामुळे बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, वजन 1380 ग्रॅम. सुरुवातीला श्वासाला मशीनचा आधार लागला, मग तोही निघाला आणि नळीने दूध सुरू झालं. डॉक्टरांनी कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून धरणं, सुरू करायला सांगितलं आणि घरात वादळ उठलं. महिना डिसेंबरचा, पुण्यात थंडी मी म्हणत होती. भोरहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही म्हणतात. त्यात हे असलं काहीतरी!”

सातव्या-आठव्याचं आधी मिटवून टाकते, कारण ते फार ऐकू येतं. त्यात काही तथ्य नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आजींचा खरा राग मात्र वेगळाच होता, तो जरा वेळाने बाहेर पडला. “दुसऱ्या कुणाला पेटी द्यायची असेल, म्हणून आमचं पोर बाहेर काढताय. पैसे तर आम्हीही भरतोय.”

हा संशय मला अजिबात वेडगळ वाटत नाही. कांगारू केअरचा जन्म टंचाईतूनच झाला आहे. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, एका गर्दीच्या सरकारी रुग्णालयात पेट्या पुरेनात आणि जंतुसंसर्गाने बाळं दगावू लागली. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी आयांनाच बाळं छातीशी बांधायला सांगितली. पण पुढे पेट्यांची कमी नसलेल्या स्वीडनसारख्या देशांनीही हीच पद्धत उचलली, कारण बाळांना तिचा फायदा दिसला. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला होता. 1 किलो ते 1.8 किलोच्या आतली बाळं, आणि तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यावर लगेच कांगारू केअर. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू, तब्येत स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात 15.7 टक्के, तर लगेच सुरू केलेल्या गटात 12 टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवावा लागला. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, शक्य तितक्या लवकर सुरू करा आणि दिवसाला 8 ते 24 तास द्या. व्हेंटिलेटरवरच्या किंवा शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत) असलेल्या अत्यवस्थ बाळाचा निर्णय अर्थात डॉक्टरांचा.

आकडे ऐकून आजी गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. मग मी सिस्टरांना त्यांच्यासमोरच बाळाचं तापमान घ्यायला सांगितलं. काखेत 36.6 अंश सेल्सिअस. सायली पाठीमागे उशा लावून जरा रेलून बसली. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट. दोन स्तनांच्या मधे उभं धरलं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं आणि आईला तोंड दिसतं. वरून कापडाचा पट्टा, त्यावर शाल. टाक्यांवर भार येत नाही, कारण बाळ त्यांच्या बरंच वर असतं. तासाभराने पुन्हा तापमान घेतलं, 36.9. आजींनी थर्मामीटर स्वतः हातात घेऊन पाहिला. आकडा त्यांना वाचता येत होता, हे बरं झालं.

अशा बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, कातडी पातळ असते, म्हणून ऊब भराभर निघून जाते. आईची छाती ती सतत पुरवते. श्वास आणि ठोके शांत होतात, आईला दूध जास्त येतं. जंतूंची भीतीही सगळे घालतात. स्वच्छ आंघोळ केलेल्या, आजारी नसलेल्या आईच्या अंगावरचे नेहमीचे जंतू बाळाने आपलेसे करणं चांगलंच, रुग्णालयातले हट्टी जंतू त्याहून वाईट.

सायलीची अडचण यातली कुठलीच नव्हती. पडदा ओढल्यावर ती म्हणाली, “ताई, सगळ्यांसमोर गाऊन उघडून बसायची लाज वाटते. आणि घरी गेल्यावर आठ तास बसले तर स्वयंपाक कोण करणार?” पहिल्यावर पुढून उघडणारा गाऊन आणि पडदा पुरला. दुसऱ्यासाठी मी नवऱ्याला आणि आजींना बोलावलं. आठ तास कुठून आणायचे हे आईने एकटीने सोडवायचं गणित नाही, असं माझं ठाम मत आहे. जिथे सुनेला उठून पोळ्या लाटाव्या लागतात, तिथे कांगारू केअर दोन दिवसांत बंद पडतं. एकेक बैठक निदान तासाभराची हवी, पण सगळ्या बैठका आईच्याच कशाला? रात्री कामावरून आल्यावर शर्ट काढून बाबा बसू लागले. पहिल्या दिवशी ते पुतळ्यासारखे ताठ होते, श्वाससुद्धा जपून घेत होते! दुपारची पाळी आजींनी स्वतः मागून घेतली.

मुलगी बोंडल्याने आणि मग अंगावर पिऊ लागली, वजन रोज वाढू लागलं, तसं घरी सोडलं. घरी शेगडीची धुरी नाही, गार तेल चोळणं नाही, अंघोळीऐवजी ओल्या कापडाने झटपट पुसणं. यावर आजींशी पुन्हा थोडी चकमक झाली, ती निभावली.

वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळ स्वतःच वळवळायला, पट्ट्यातून हातपाय बाहेर काढायला लागतं, तेव्हा थांबावं. त्याआधी बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, छातीशी घेऊनही गार लागलं, ताप आला, श्वास अडखळला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर घरी वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा. आणि 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचे डोळे महिना व्हायच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बारशाच्या गडबडीत ही तारीख हमखास चुकते, म्हणून सायलीच्या फाईलवर मी ती लाल पेनाने लिहून दिली होती.