मागचे स्पीकर गप्प, संवाद दबलेले: बोर्ड बदलण्याआधी एवढं पाहा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. लिनक्स मिंट, तीन जॅकचं मदरबोर्ड, नवा ५.१ स्पीकर सेट (पुढचे दोन, सेंटर, मागचे दोन आणि सबवूफर, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाटा, सहा चॅनल), मागचे दोन्ही स्पीकर गप्प, सिनेमातले संवाद दबलेले. वर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, "साउंड चिप गेली, बोर्ड बदला." माझ्या मशीनची लक्षणं अगदी हीच होती आणि निदानही हेच मिळालं होतं, तेही इथेच इंदुरात. कृपा करून इतक्यात बोर्ड बदलू नका.

आधीच सांगतो, मी ध्वनितज्ज्ञ नाही. माझ्या बोर्डावर रिअलटेकची एएलसी८८७ चिप आहे आणि जे लिहितोय ते तिच्यावर करून पाहिलेलं आहे. तुमची चिप दुसरी असेल तर मेनूतली नावं थोडी वेगळी दिसतील. आवाज म्यूट नाही, वायरी घट्ट बसल्यात, हे तुम्ही पाहिलंच असेल असं धरून चालतो.

माझ्या मते प्रश्न एकच विचारायचा: सहाचे दोन कुठे होताहेत? फाइल, प्लेअर, साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रामचा आवाज गोळा करून चिपकडे पाठवणारा प्रोग्राम), चिप, जॅक, वायर, अ‍ॅम्प्लिफायर. या वाटेवर कुठेतरी सहा चॅनलचे दोन होतात आणि तिथून पुढे काहीही केलं तरी सहा परत मिळत नाहीत. म्हणून सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा. स्पीकर सेटचा मुख्य डबा उलटा फिरवा आणि मागे इनपुट किती आहेत ते मोजा. लाल-पांढऱ्याची एकच जोडी असेल, तर खोक्यावर ५.१ लिहिलेलं असलं तरी मागचे स्पीकर पुढच्यांचीच नक्कल करणार. तसं असेल तर सेट परत करण्याची मुदत आहे का ते आजच पाहा. तीन जोड्या असतील तर पुढे वाचा.

आता लक्षण नीट ऐका. संवाद दबलेत की अजिबातच नाहीत, हा फरक मोठा आहे. पार्श्वसंगीत स्वच्छ आहे पण माणसं बोलतच नाहीत असं असेल, तर सहाही चॅनल मशीनमधून निघताहेत आणि सेंटरचा वाटेत हरवतोय. संवाद आहेत पण दबलेले, म्हणजे तुमच्यासारखं असेल, तर सहाचे दोन बहुधा मशीनच्या आतच झालेत. सेंटर चॅनल डाव्या-उजव्यात मिसळताना दोन्हीकडे साधारण ३ डेसिबलने कमी करून घालतात. त्यावर संगीत आणि गाड्यांचे आवाज चढतात आणि बोलणं खाली जातं. चिप गेली असती तर पुढचे दोन स्पीकर तरी इतके नीट का वाजले असते?

तुमच्या बोर्डावर पोपटी, निळा आणि गुलाबी असे जॅक असतील. एरवी निळा लाइन-इन आणि गुलाबी माइक. ५.१ करायचं तर मात्र निळ्यातून मागचे दोन स्पीकर आणि गुलाबीतून सेंटर व सबवूफर काढायचे असतात. स्पीकर सेटबरोबर येणाऱ्या पिना पोपटी, काळी, नारिंगी अशा असतात, कारण ते रंग जास्त जॅकच्या बोर्डांच्या हिशेबाने ठरलेत. तेव्हा काळी निळ्यात आणि नारिंगी गुलाबीत. माइक लागत असेल तर तो कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावा.

नुसतं खोचून भागत नाही. ते दोन जॅक आता आउटपुट आहेत हे चिपला सांगावं लागतं. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (चिपच्या आवाजाच्या सेटिंग्जचा प्रोग्राम) उघडा, एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा (नाहीतर फक्त एकच मोठी पट्टी दिसते) आणि उजव्या बाणाने शेवटाकडे सरकत जा. तिथे चॅनल मोड नावाचा खाना २सीएचवर असतो. वरचा बाण दाबून तो ६सीएच करा. मी तो बदलला तेव्हा मागच्या डाव्या स्पीकरमधून अगदी हलका "टप्" असा आवाज आला होता. इतके दिवस मेलेला म्हणून ठरवलेल्या स्पीकरचा तो पहिला आवाज.

हा खाना दिसतच नसेल तर अल्सा-टूल्स-जीयूआय हे पॅकेज टाका. त्यातल्या एचडीए-जॅक-रीटास्कमध्ये निळ्या जॅकला लाइन आउट बॅक आणि गुलाबीला सेंटर-एलएफई (एलएफई म्हणजे सबवूफरचा चॅनल) असं नेमून द्या. आधी अप्लाय नाऊने तपासा, जमलं तरच बूट ओव्हरराइड बसवा, म्हणजे मशीन पुन्हा चालू केल्यावरही ते टिकेल.

इतकं करूनही डेस्कटॉप बहुतेक दोनच चॅनल पाठवत राहील, कारण प्रोफाइल सहसा स्टिरिओच असतं. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल टाका आणि कॉन्फिगरेशनच्या पानावर अ‍ॅनलॉग सराउंड ५.१ निवडा. मग स्पीकर-टेस्ट ही कमांड सहा चॅनल आणि वेव्ह असं सांगून चालवा. एक बाई प्रत्येक स्पीकरचं नाव इंग्रजीत घेते, "फ्रंट लेफ्ट" वगैरे. हातात कागद घ्या आणि कोणतं नाव कोणत्या डब्यातून आलं ते लिहा. सिनेमा लावून तपासत बसू नका, त्यात मागच्या चॅनलला कितीतरी वेळ काहीच नसतं. ब्राउझरवर तर चाचणीसाठी विसंबूच नका.

एक गंमतीशीर वाटणारी पण डोकं उठवणारी गोष्ट: "फ्रंट सेंटर" हे शब्द सबवूफरमधून घोगरे येत असतील, तर काही बिघडलेलं नाही. सेंटर आणि सबवूफर एकाच पिनेवरून जातात आणि काही सेटमध्ये त्यांची बाजू उलटी असते. डब्यामागच्या त्या दोन आरसीए पिना आपसात बदला, काम झालं. मागच्या स्पीकरचा आवाज सेंटरमध्ये येत असेल तर निळ्या-गुलाबीतल्या पिनांची अदलाबदल झालीय.

आता तो सर्व्हिसवाला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरच्या मुलाने मशीन चालू केलं, पुढचे दोन स्पीकर वाजलेले ऐकले आणि म्हणाला, "लिनक्स में तो सराउंड चलता ही नहीं, और चिप भी गई है।" दोन्ही एकाच वाक्यात. मी म्हटलं, चिप गेलीय हे कशावरून? उत्तर नाही. मशीन ठेवून घेतलं. परत मिळालं तेव्हा त्यावर विंडोज होतं. "ड्राइवर चेक करना था" म्हणून त्यांनी डिस्क पुसली होती. मला विचारलं नाही, फोन केला नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, डेटाची जबाबदारी आमची नाही. आईने म्हटलेली मंगळागौरीची गाणी मी त्या डिस्कवर रेकॉर्ड करून ठेवली होती. ती गेली. आवाजाच्या तक्रारीसाठी डिस्कला हात लावायची काडीचीही गरज नव्हती. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तीच चाचणी करता येते आणि डिस्कवरचा एक बिटही हलत नाही. हे त्यांना माहीत नसेल तर त्यांनी हा धंदा करू नये, आणि माहीत असूनही केलं असेल तर त्याहून वाईट.

त्यामुळे मशीन दुरुस्तीला द्यायचंच असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि मग द्या. काढता येत नसेल तर जॉबशीटवर स्वतःच्या हाताने लिहा, "डिस्क फॉरमॅट करायची नाही", आणि समोरच्याची सही घ्या. सही द्यायला तो कांकूं करत असेल तर मशीन उचला आणि घरी या.

त्याच काउंटरवर मला बोर्डाऐवजी स्वस्तातला पर्याय म्हणून एक यूएसबी साउंड कार्ड दिलं गेलं. अंगठ्याएवढा डबा, वर ठळक ७.१. तुम्हालाही बहुधा हेच सुचवतील, म्हणून सांगतो. त्यावर हेडफोनचा एक आणि माइकचा एक, असे दोनच जॅक. आठ चॅनल एका जॅकमधून कसे निघणार? अशा डब्यांत सहसा साधी दोन चॅनलची चिप असते आणि ७.१ म्हणजे विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने हेडफोनवर केलेला आभास. लिनक्सवर याचा पुरावा मिनिटभरात मिळतो. प्रॉक फोल्डर, त्यात असाउंड, त्यात त्या कार्डाचं फोल्डर, त्यात स्ट्रीम० ही फाइल उघडा. चॅनल्स या शब्दापुढे जो आकडा असेल तो खरा. माझ्याकडे तिथे २ होता. यूएसबीच घ्यायचं असेल तर ज्यावर पुढचे, मागचे, सेंटर असे वेगवेगळे जॅक दिसताहेत तेच घ्या. सी-मीडियाच्या सीएम६२०६ चिपची कार्डं खरोखरच बहुचॅनल असतात आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये तिची सोय आहे. पण तुमच्या बाबतीत त्याचीही गरज पडेल असं मला वाटत नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांबद्दलही बोलायला हवं. त्यातले बरेच पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरच्या काळातले आहेत, त्याची जागा आता पाइपवायरने घेतलीय. फेडोराने २०२१ साली ३४व्या आवृत्तीत पाइपवायर आणलं, उबुंटूने २२.१० मध्ये, आणि मिंटने २२व्या आवृत्तीत. तुमचं मिंट २२ किंवा नंतरचं असेल, तर पल्सऑडिओच्या डेमन.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये कितीही ओळी बदला, ती फाइल कुणी वाचतच नाही. पॅक्टीएल इन्फो ही कमांड चालवा. सर्व्हरच्या नावात पाइपवायर दिसलं तर त्या फाइलच्या सगळ्या युक्त्या सोडून द्या.

गाणी लावल्यावर मागचे स्पीकर गप्पच असतात अशीही तुमची तक्रार आहे. गाणी स्टिरिओ असतात, तेव्हा मागे शांतता असणं बरोबरच आहे. पाइपवायरमध्ये अपमिक्सची सोय आहे, दोनाचे सहा करून मिळतात. माझं मत विचाराल तर संगीतासाठी ते बंदच ठेवा. उस्ताद अमीर खाँसाहेबांची जुनी मोनो ध्वनिमुद्रणं मी दोन्ही प्रकारे ऐकली आहेत. आपल्या इंदूरच्या या गवयाचा तो खर्जातला सावकाश आलाप पाठीमागूनही यायला लागला की त्याची जागाच हरवते. तो समोर बसूनच गायला हवा. सिनेमाचं कुणाला आवडत असेल तर त्यांनी जरूर करावं, ही आवडीची बाब आहे.

ज्यांचं मशीन एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्ही ऑप्टिकलने होम थिएटरला जोडलेला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑप्टिकल वायरीतून साधा, न दाबलेला आवाज दोनच चॅनलचा जातो. ५.१ जायचं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात दाबूनच जातं. एचडीएमआयमधून न दाबलेले आठ चॅनल जाऊ शकतात, पण मध्ये टीव्ही असेल तर तो संगणकाला अनेकदा "मी दोनच घेतो" असं कळवतो आणि मग ५.१चं प्रोफाइल चालत नाही. शक्य असेल तर एचडीएमआय आधी अ‍ॅम्प्लिफायरला आणि तिथून टीव्हीला न्या. नसेल तर एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरला ऑडिओ-एसपीडीआयएफ या सेटिंगमध्ये एसी३ (म्हणजेच डॉल्बी डिजिटल) आणि डीटीएस द्या, म्हणजे तो मूळ दाबलेला प्रवाह जसाच्या तसा पुढे सोडतो. मधला टीव्ही तो पुढे जाऊ देतो की नाही, हे मात्र टीव्हीवर अवलंबून.

मांडणीवर फार लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत पुढचे दोन स्पीकर सेंटरपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर सांगितलेत. म्हणजे मागचे खरं तर बाजूला, किंचित मागे. आपल्याकडे ते कपाटावर चढवून ठेवतात, ते टाळा. आणि उघड्या तारांचे स्पीकर असतील तर लाल-काळी तपासा. पुढच्या दोघांपैकी एकाची उलटी लागली की गाण्यातला ठेका पातळ होतो आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. त्यासाठीही कुणीतरी तुम्हाला नवं बोर्ड सुचवेल.

यानंतरही अडलं तर चार गोष्टी लिहा: एप्ले -एल या कमांडचं उत्तर, चिपचं नाव, पॅक्टीएल इन्फोमधली सर्व्हरची ओळ आणि तुमचा तो कागद, कोणतं नाव कोणत्या डब्यातून आलं तो. सुदामा नगर किंवा राजेंद्र नगरच्या बाजूला राहत असाल तर रविवारी सकाळी मी येऊनही पाहीन.