जीनोटाइप ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

'ताई, अठरा लाख निघालेत. आता किती दिवस राहिले?' हिपॅटायटिस सीचा, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूचा, रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येकजण हेच विचारतो, आकडा तेवढा वेगळा असतो. मी लातूरला समुपदेशनाला बसते. बीड, परभणी, धाराशिवकडूनही लोक येतात आणि भीती सगळ्यांची एकच. म्हणून केजकडच्या एका काकांबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, १८ लाख आणि जीनोटाइप ३. मुलाने घरात सांगून टाकलं, 'बाबांची तिसरी स्टेज आहे.' काकांनी स्वतःच ताट-तांब्या वेगळा केला, अंथरूण ओसरीत नेलं आणि चार वर्षांच्या नातीला जवळ घेणं बंद केलं.

मी त्यांच्यासमोर रिपोर्टचे कागद सुटे मांडले. 'काका, एका कागदाला एकच प्रश्न विचारायचा.' अँटीबॉडी सांगते की हा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. काहीजणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातोही. तो आज रक्तात आहे का, हे व्हायरल लोडची आरएनए तपासणी सांगते. जीनोटाइप म्हणजे विषाणूचा प्रकार, आजाराची पायरी नव्हे. आपल्या देशात ३ हाच प्रकार सर्वांत जास्त सापडतो. लिव्हर किती बिघडलंय हे यातला एकही कागद सांगत नाही. त्यासाठी रक्तातल्या प्लेटलेट, एसजीओटी (लिव्हरची रक्ततपासणी), सोनोग्राफी आणि गरज पडली तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी). लोड कोटीत असून लिव्हर बऱ्या अवस्थेत असलेले पेशंट असतात आणि लोड कमी असूनही सिऱ्होसिस (लिव्हर वण पडून कडक होणं) झालेलेही असतात. शिवाय हा आकडा स्थिर नसतो. औषध सुरू नसतानाही दोन तपासण्यांत दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. म्हणून बारा लाखांचे अठरा झाले तरी आजार वाढला असं होत नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मानही डोलावली. पुढच्या वेळी आले ते तसेच, ओसरीत झोपून. माहिती पोचली होती, भीती जागची हलली नव्हती. माणसाला घटना जेवढी छळते त्यापेक्षा जास्त त्याने त्या घटनेबद्दल मनात धरलेलं विधान छळतं, यावर माझा पक्का विश्वास आहे आणि माझं सगळं काम त्यावरच उभं आहे. ते विधान अजून बाहेर यायचं होतं.

मी विचारलं, 'काका, अठरा लाखांच्या जागी अठराशे आले असते तर नातीला उचललं असतं का?'

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, 'नाई ताई. तरी बी नसतं उचललं.'

'मग आकडा कुठं आडवा येतोय?'

'लोक म्हणतील, ह्या वयात कुठं तोंड काळं केलं. पोरगं बी तसंच बघतंय, आसं वाटतंय.'

अठरा लाखांच्या आड शरम बसली होती. असा एक प्रश्न नेमका जागी लागला की पुढचं काम सोपं होतं, आणि तो सापडल्याचं समाधान मला आजही आहे. त्यानंतरच्या भेटीला मुलाला बोलावलं. हा आजार रक्तातून पसरतो: नीट निर्जंतुक न केलेली सुई, पूर्वी न तपासता चढवलेलं रक्त, दुसऱ्याचं रेझर. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, लेकराचा पापा घेतल्याने पसरत नाही. लागण कुणाकडून झाली हे रिपोर्टवरून ठरवता येत नाही, तेव्हा घरात चौकशी मांडायची नाही. रेझर आणि ब्रश तेवढा वेगळा ठेवायचा, आणि बायकोचीही एकदा तपासणी करून घ्यायची. मुलगा वडिलांकडे न बघता एवढंच म्हणाला, 'बाबा, आज घरात झोपा.'

उपचाराबद्दल आवर्जून सांगते. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. सोफोसबुविर आणि डाक्लाटासविरच्या गोळ्या साधारण बारा आठवडे घ्यायच्या असतात. सिऱ्होसिस असेल तर डॉक्टर औषध किंवा मुदत बदलतात. बहुतेकजण पूर्ण बरे होतात. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी या लिव्हरच्याच दुसऱ्या विषाणूची तपासणी झालीच पाहिजे, कारण बी दबलेला असेल तर तो या काळात उसळू शकतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा उपचार किती महिने द्यायचा हे जीनोटाइपवर ठरायचं. आताची औषधं सगळ्या प्रकारांवर चालतात, त्यामुळे जीनोटाइपची तपासणी अनेकदा लागतही नाही. डॉक्टरांनी सांगितली नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका.

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. विषाणू आढळला नाही म्हणजे आजार बरा. काकांचा रिपोर्ट तसाच आला. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, असं मी त्यांना बजावलं. अँटीबॉडी बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच राहते, आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त पुन्हा तपासलं जाणारच होतं.