‘तक्रार केली तर नंतर आईलाच भोगावं लागेल’

“मॅडम, आम्ही काय, तासभर बसून घरी येणार. रात्र तिलाच काढायचीय तिथे. तक्रार केली आणि त्यांनी तिच्यावर राग काढला तर?”

आई किंवा वडील वृद्धाश्रमात आहेत अशा घरांतून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचे शब्द आधीच कळतात. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दुपारी बसते. पूर्वी इथे दहावीची मुलं आणि सासू-सुनांची भांडणं यायची. आता पन्नाशी-साठीतली माणसं येतात, खुर्चीच्या कडेला बसतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा “आम्हाला तिला ठेवायचं नव्हतं हो” हे असतं. ही गोष्ट अशाच एका ताईंची आणि त्यांच्या आईची आहे. दोघींना विचारून लिहितेय, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

आई एक्याऐंशीच्या. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होत्या. पाय साथ देईनात, ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, एका वृद्धाश्रमात ठेवलेल्या. पैसे भाऊ पाठवायचा, भेटायला ताई जायच्या, दर शनिवारी.

ताईंनी माझ्यासमोर मोबाईल ठेवला. आईच्या दंडावर मोठा काळानिळा डाग. “विचारलं तर म्हणते, काही नाही गं, लागलं असेल. मॅडम, हात उगारला असणार कुणीतरी. आणि मधे दोन दिवस तर ती मला ओळखतच नव्हती, माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती.” भावाचं म्हणणं, सरळ पोलिसांत जा. ताईंच्या मनात, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा. आणि दोघांनाही तीच धास्ती: उद्या त्यांनी सामान बाहेर काढलं तर न्यायचं कुठे?

ही धास्ती खोटी आहे असं मी कुणालाही सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका आजोबांच्या बाबतीत मी स्वतः घाई केली होती. मुलाने सांगितलं, मी चिडले, कडक पत्र लिहून दिलं. आठ दिवसांत संस्थेने “आम्हाला यांची काळजी घेणं जमणार नाही” म्हणून कळवलं आणि आजोबा कळव्याच्या एका खोलीत पाच माणसांत येऊन पडले. त्यांना वृद्धाश्रम सोडायचाच नव्हता. तिथे त्यांचा कॅरमचा डाव जमला होता. त्यांची तक्रार काय आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून ताईंना म्हटलं, पोलीस, ग्रुप, पत्र, सगळं बाजूला ठेवू. मला आधी तुमच्या आईंना भेटू दे. एकटीला.

अमेरिकेत या कामासाठी खास माणूस नेमलेला असतो, त्याला ओम्बड्समन म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत लोकपाल. १९७२ साली प्रयोग म्हणून सुरू झालं, १९७८ पासून प्रत्येक राज्याला ते सक्तीचं झालं. (लोकपाल म्हटलं की आपल्याला रामलीला मैदान आठवतं. हा वेगळा. हा नर्सिंग होममधल्या एकेका खाटेपाशी जाऊन बसणारा.) त्याचा एक नियम मला फार पटतो: तिथे राहणाऱ्या माणसाची संमती असल्याशिवाय त्याच्या वतीने तक्रार पुढे न्यायची नाही, मग मुलगा कितीही ओरडो. आपल्याकडे असा कुणी नेमलेला नाही. पण नियम पाळायला नेमणूक कशाला लागते?

मेट्रोच्या कामातून वाट काढत दीड तासाने पोचले. वृद्धाश्रम दिसायला स्वच्छ, दारात तुळस, आत फिनेलचा वास. सुपरवायझर बाई तत्पर: “आमच्या आजी ना? एकदम गोड आहेत!” मी ताईंच्या आईंना काकू म्हटलं, तशा त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या. म्हणाल्या, “इथे सगळ्या आजीच. बत्तीस जणींना एकच नाव.”

डागाचं विचारलं. “अगं, रक्त पातळ करायची गोळी आहे मला. पलंगाच्या दांडीला लागलं तरी आठ दिवस नकाशा उमटतो. मुलीला सांगितलं, पण तिला पटत नाही.” नंतर डॉक्टरांच्या कागदावर ती गोळी मी पाहिली. (गोळी आहे म्हणून प्रत्येक डाग निर्दोष असतो असं नाही. दोन्ही मनगटांवर सारखे वळ, पाठीवर डाग, किंवा कसं लागलं ते कुणीच सांगत नाही, तर ती वेगळी गोष्ट.)

मग बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मी काही बोलले नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, “मला लंगोट घालतात.”

रात्री नऊ वाजले की सगळ्यांना डायपर. काकूंना लघवीवर ताबा होता. काठी आणि कुणाचा तरी हात मिळाला तर संडासापर्यंत जाता येत होतं. पण रात्रपाळीला दोन मावशी आणि राहणाऱ्या बत्तीस. हाक मारली की उत्तर यायचं, “त्यातच करा आजी, सकाळी बदलते.” त्यावर काकूंनी आपल्यापुरता उपाय शोधला होता. दुपारी चारनंतर पाणी बंद. चहासुद्धा अर्धा कप.

त्या दोन दिवसांच्या भ्रमाचा उलगडा मला इथे झाला. वृद्धाश्रमाने डॉक्टर बोलावले होते, लघवीत जंतुसंसर्ग निघाला होता, औषधाने उतरलाही होता. उतारवयात पाणी कमी पडलं की हा संसर्ग सहज होतो, आणि कधीकधी ताप-जळजळ न होता माणूस एकदम असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. पाणी का कमी पडलं, हे मात्र कुणी काकूंना विचारलं नव्हतं.

“मुलीला का नाही सांगितलं?”

“तिला काय सांगू? मी तिचे लंगोट बदललेत.”

निघताना भिंतीवरच्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे. आपण दुधाचा हिशोब लिहितो तसे. १.२०–२.०५. ३.१०–नाही. १२.४०–१.३०. “हे काय?” विचारलं तर काकू जरा लाजल्या. “सवय गं. ट्रंक कॉल कधी बुक झाला, कधी लागला, दोन्ही वेळा लिहाव्याच लागायच्या. पहिली वेळ मी हाक मारल्याची. दुसरी कुणी आल्याची.”

ताई दर शनिवारी त्याच कॅलेंडरखाली बसत होत्या. त्यांना वाटलं होतं, आई जप मोजते.

आता काकूंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? इथून जायचंय? “छे! इथे माझ्या दोन मैत्रिणी आहेत. मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर मी कैदी.” कुणाला शिक्षा व्हावी? “त्या मावशीला? तिला बारा तासांची रात्रपाळी असते. तिचं नाव घेऊ नकोस.” मग? “रात्री दोनदा संडासाला न्या आणि लंगोट काढा. बस.” पत्र लिहू का? त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर हो म्हणाल्या.

मधल्या काळात भावाने व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पाठवला होता: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज करा. हा घोटाळा बहुतेकांचा होतो. त्या कायद्यातलं प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांनी किंवा वारसांनी आईवडिलांना पोसावं, त्यांची लुबाडलेली मालमत्ता परत मिळावी यासाठी आहे. वृद्धाश्रमाने रात्री संडासाला नेलं नाही, हा त्याचा विषय नाही. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांच्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून दारं वेगवेगळी ठोठवावी लागतात. पैसे घेऊन सेवा देत असतील तर तुम्ही ग्राहक आहात, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि वर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन. आणि मारहाण, बांधून ठेवणं, गुंगीची गोळी देऊन झोपवणं, हाड कसं मोडलं ते कुणी न सांगणं, तुम्हाला आईला एकटं भेटू न देणं, यातलं काही असेल तर पत्रबित्र लिहीत बसू नका. डॉक्टरकडून नोंद करून घ्या आणि ११२ लावा. तिथे माझा संमतीचा नियमही मी जिवाच्या धोक्यापुढे ताणत नाही.

पण काकूंचं प्रकरण तसं नव्हतं. आधी ताईंना प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद शोधायला लावला. कपाटात, एलआयसीच्या फाइलीत सापडला. कुणीच वाचलेला नव्हता. त्यात चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं: ‘२४ तास परिचर सेवा’. काढून टाकायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस आणि डिपॉझिट परत, हेही होतं. ताईंचा निम्मा घोर त्या एका ओळीने उतरला.

पत्राचा पहिला मसुदा ताईंचा: ‘आपल्याकडे अत्यंत निष्काळजीपणे व अमानुष वागणूक दिली जाते.’ मी तो बाजूला ठेवला. अमानुष म्हटलं की समोरचा म्हणणार, नाही आम्ही माणुसकीने वागतो, आणि वाद तिथेच संपला. त्याऐवजी लिहिलं: ‘९ तारखेला रात्री १.२० वाजता आईने हाक मारली, २.०५ ला कर्मचारी आल्या. ११ तारखेला ३.१० ला हाक मारली, कुणी आलं नाही. आईला लघवीवर ताबा आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, प्रत सोबत. रात्री ११ आणि ३ वाजता शौचालयास नेण्याची व्यवस्था व्हावी.’ कोणत्याही मावशीचं नाव नाही. खाली सही ताईंची नाही, काकूंची. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेऊन पोच. ताई म्हणाल्या, पोच मागितली तर त्यांना अपमान वाटेल. वाटू दे. तोंडी तक्रार म्हणजे वाळूवरची रेघ.

बैठकीत सुपरवायझर बाईंनी अपेक्षेप्रमाणे सांगितलं, “बाकी कुणाची काही तक्रार नाही.” पुढे मात्र खरं बोलल्या. रात्री उठताना एक बाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून सरसकट डायपर. ही भीती मला खोटी वाटली नाही. पडणं हा म्हातारपणातला मोठा धोका आहेच. पण पडू नये म्हणून बत्तीस जणींना लंगोट, हा उपाय पडणाऱ्यांच्या सोयीचा नाही, पाहणाऱ्यांच्या सोयीचा आहे. हे मी तिथे इतकं स्पष्ट बोलले नाही. कमोडची खुर्ची पलंगाला लागून ठेवता येईल का, एवढं विचारलं. ती स्टोअरमध्ये पडूनच होती. दाराला लावतात तसली बिनतारी बेल ताईंनी स्टेशनजवळून आणून दिली. रात्रभर एक मंद दिवा.

पहिला आठवडा छान गेला. मग रविवारची रात्र: २.१५–नाही. पुढचा रविवार: तेच. कॅलेंडरच्या पानाचा फोटो लावून दुसरं पत्र, या वेळी थेट विश्वस्तांना. तोवर आणखी दोन घरं ताईंना येऊन मिळाली होती. एकीच्या सासूबाई, एकाची आई. तीन सह्या झाल्या की “तुमच्याच आजींचं काय ते” हे वाक्य बंद होतं. रविवारी बदली मावशी येतच नव्हती, असं निघालं. विश्वस्तांनी ती नेमली.

राग काढला का कुणी? काढला. एक मावशी काकूंशी पंधरा दिवस बोलली नाही, चहाचा कप आपटून ठेवायची. ताईंना रडू आलं, मला फोन केला: मी म्हणत नव्हते? त्या आठवड्यात मी त्यांना शनिवार सोडून कधी बुधवारी सकाळी, कधी संध्याकाळी जेवणाच्या वेळी जायला सांगितलं. भेटीची वेळ ठरलेली नसली की पाहणाऱ्याचा वचक आपोआप राहतो. काकूंना विचारलं, हे पण लिहून द्यायचं का? त्या हसल्या. “अगं, टेलिफोनमध्ये मी सुपरवायझरशी दोन वर्षं बोलत नव्हते. पंधरा दिवस काय घेऊन बसलीस.” तक्रार त्यांची, त्यामुळे कुठे थांबायचं तेही त्यांनी ठरवलं. त्या मावशीच्या मुलीला नंतर त्यांनी इंग्रजीचा धडा वाचून दाखवला म्हणे, पण त्याबद्दल मला विचारू नका, मला उशिरा कळलं.

डिसेंबरमध्ये पुन्हा गेले. काकूंच्या उशाशी पाण्याचा तांब्या, पूर्ण भरलेला. रात्रीचे आकडे आता पाच-सात मिनिटांवर आले होते. पण शनिवारच्या चौकोनांत वेगळेच आकडे दिसले. ३.३०. ४.१०. ४.२२.

“हे कसलं?”

“मुलीचं. साडेतीनला येते. चार दहापर्यंत ऑफिसात, स्वयंपाकघरात, संडासात तपासत फिरते. माझ्याजवळ बारा मिनिटं.” त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. “हे लिहून देशील का?”

“कुणाच्या नावे?”

“तिच्याच. आणि पोच घे तिच्याकडून.”