बाबांना क्रोन्स आहे, मग मुलीची जीन टेस्ट करायची का?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मिस्टरांना आधी आतड्याचा टीबी सांगितला होता, गोळ्यांचा कोर्स झाला पण फरक नाही, मग परत कोलोनोस्कोपी केली तर क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा आजार निघाला, आता ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू करणार म्हणतायत. सासूबाई म्हणतात दर रविवारच्या मिसळीनं झालं, दीर म्हणतात हे जीन्समधून येतं, मुलीचीपण टेस्ट करून घ्या, ऑनलाइन पॅकेज मिळतं. करू का? आणि दुसऱ्या मुलाचा विचार सोडून द्यायचा का?

उत्तर : ताई, मुलीची टेस्ट करू नका. आणि मिसळीचं मनातून काढून टाका, आजार उफाळलेला असताना तिखट सोसत नाही हे खरं, पण तिनं क्रोन्स होत नाही. टीबीचं म्हणाल तर दोन्ही आजार बहुतेक लहान आतडं संपतं तिथंच बसतात, तुकडा तपासला तरी सारखे दिसू शकतात, त्यामुळे आपल्याकडे हा घोळ बऱ्याच पेशंटचा होतो.

आता जीन्सचं. सिंहस्थात रामकुंडावर केवढी गर्दी असते, तसे आतड्यात अब्जावधी जंतू असतात आणि बहुतेक सगळे निरुपद्रवी भाविक, बंदोबस्तानं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनं, फक्त पाकीटमार ओळखायचा असतो, पण तो भाविकांवरच लाठ्या चालवायला लागला की जे होईल ते तुमच्या मिस्टरांच्या आतड्यात होतंय. हा बंदोबस्त कसा वागेल ते ठरवण्यात बऱ्याच जीन्सचा हात असतो. २००१ मध्ये पहिला सापडला तो नॉड२, जंतूच्या भिंतीचा तुकडा ओळखणारा. नंतर आयएल२३आर, एटीजी१६एल१ वगैरे, आता यादी २०० च्या वर गेलीय आणि एकेकाचा वाटा अगदी थोडा. शिवाय नॉड२ मधले जे बदल युरोपात गाजले ते आपल्या लोकांत फारच कमी सापडतात, म्हणजे पॅकेजचा रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही आणि वाईट आला तर त्या पोरीला उगाच आयुष्यभर धाक. हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला क्रोन्स असला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्याहून जास्त वेळा होत नाही. तुमच्या मुलीला इतर मुलांपेक्षा धोका थोडा जास्त आहे हे खरं, तरी अशा बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. पण शौचातून रक्त, कित्येक आठवडे जुलाब, वजन-उंची अडकणं यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा, आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट पुरते, तीत आतड्याला सूज आहे का ते कळतं.

जीन टेस्ट करायचीच असेल तर ती मिस्टरांची करा, एनयूडीटी१५ नावाची, आणि ती ॲझाथायोप्रिनच्या आधी! या जीनमधला एक बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो, तो असला की नेहमीच्या डोसनंसुद्धा पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, अजिबात संकोच करू नका. टेस्ट नॉर्मल आली तरी सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वरचेवर लागतेच, आणि गोळी सुरू झाल्यावर ताप आला किंवा एकाएकी झुपक्यानं केस गळायला लागले तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सिगरेट असेल तर ती मात्र आजच बंद, क्रोन्समध्ये ती आजार वाढवते.

दुसरं मूल जरूर होऊ द्या. आजार शांत असताना प्लॅन करा म्हणजे घरात सगळ्यांनाच सोपं जाईल, आणि मिस्टरांना सल्फासालाझिन हे आतड्याच्या सुजेचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यानं शुक्राणू कमी होतात, औषध बदललं की काही महिन्यांत परत नॉर्मल होतात.