लिनक्सवर गाणी ऐकण्यासाठी कोणता म्युझिक प्लेअर निवडावा?

प्रश्नकर्त्यांनी नुकतेच विंडोज काढून उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार घातला आहे, त्यांच्याजवळ सुमारे वीस हजार फायली आहेत, त्यांत शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत बरेच आहे, आणि त्यांना 'सगळ्यात चांगला' प्लेअर हवा आहे. माझे उत्तर दोन शब्दांचे आहे: क्वॉड लिबेट. तो फारच रुक्ष वाटला तर स्ट्रॉबेरी घ्यावा. येथेच थांबता आले असते. परंतु प्लेअर निवडताना बहुतेक लोक रंगरूप आणि इक्वलायझर पाहतात, आणि मीही एके काळी तेवढेच पाहून निवड केल्यामुळे वडिलांच्या अठरा कॅसेटींचे ध्वनिमुद्रण एका दुपारी घालवून बसलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमचे घर गिरगावात होते. चाळीतल्या गणेशोत्सवात आणि ओळखीच्या घरांतून होणाऱ्या बैठकांना बाबा आपला टेपरेकॉर्डर घेऊन जात, गायकाची परवानगी घेत आणि अगदी पहिल्या ओळीत बसून ध्वनिमुद्रण करीत. घरी आल्यावर, कितीही रात्र झालेली असो, कॅसेटच्या डबीतल्या कागदावर तारीख, राग, ताल, तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण हे निळ्या शाईने लिहून काढल्याशिवाय ते झोपत नसत. त्यांच्या मागे अशा ५८ कॅसेटी राहिल्या. मुंबईच्या दमट हवेत फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरू लागली होती, म्हणून २०११ च्या पावसाळ्यात मी त्या संगणकावर उतरवून घ्यायचे ठरवले. कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झाला होता. तो लॅमिंग्टन रोडवर तीन दुकाने फिरल्यावर मिळाला. पंचेचाळीस मिनिटांची बाजू उतरवायला पंचेचाळीस मिनिटेच लागतात, आणि त्यानंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये आगेमागेची खरखर कापायची, हे काम ज्याने केले आहे त्याला त्यातला कंटाळा वेगळा सांगायला नको. चाळीस कॅसेटींचे टॅग, म्हणजे फायलीतच नोंदवायचे गायक, अल्बम, शीर्षक असे रकाने, मी पूर्ण भरले. उरलेल्या अठरांच्या वेळी मात्र दम संपला. तेथे मी कागदावरचा मजकूर फोल्डरला नाव म्हणून दिला आणि फायलींच्या शीर्षकात फक्त 'बाजू अ' आणि 'बाजू ब' एवढेच टाकले. गायकाचा रकाना रिकामा राहिला आणि अल्बमचाही.

त्या काळी लोकप्रिय असलेला एक देखणा प्लेअर मी वापरत होतो. त्याचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक निम्म्याहून अधिक माझीच होती. त्यात टॅगप्रमाणे फायली लावून देण्याची सोय होती: गायक, त्याच्या आत अल्बम, त्याच्या आत शीर्षक. सगळे संग्रहालयासारखे नीटनेटके दिसेल या मोहाने मी संपूर्ण संग्रह निवडला, 'त्या नावाची फाईल असल्यास तिच्यावर लिहावे' या चौकटीत खूण केली आणि चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा चाळीस कॅसेटी शिस्तीत बसल्या होत्या. अठरा कॅसेटींच्या ३६ फायली मात्र 'अज्ञात गायक, अज्ञात अल्बम' या एकाच फोल्डरात गेल्या होत्या, आणि शीर्षके दोनच असल्यामुळे एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा लिहिल्या जाऊन शेवटी दोनच उरल्या होत्या. प्लेअरने सांगितले तेवढेच केले होते.

फायली गेल्या तरी मूळ कॅसेटी घरात होत्या, त्यामुळे पुन्हा उतरवणे शक्य होते. खरी पंचाईत अशी की उतरवताना मी डब्यांतले कागद काढून एका पिशवीत आणि कॅसेटी दुसऱ्या पिशवीत ठेवल्या होत्या. कोणता कागद कोणत्या कॅसेटचा, हे जगात फक्त त्या फोल्डरांच्या नावांना ठाऊक होते आणि ती नावे आता राहिली नव्हती.

येथे आमच्या भावोजींचा उल्लेख आवश्यक आहे. ताईचे यजमान संगीताचे उत्तम जाणकार आहेत, परंतु संगणकाच्या बाबतीत त्यांची मते सिमेंटची आहेत. टॅग म्हणजे नसते उद्योग, फोल्डर पुरेसे असतात, आणि फुकट मिळणारी सिस्टीम तेवढ्याच लायकीची असते, ही त्यांची तीन मते. घडलेला प्रकार कळल्यावर त्यांनी जे वाक्य उच्चारले ते आमच्याकडे प्रत्येक गणपतीला आणि प्रत्येक दिवाळीला पुन्हा ऐकू येते: "तुझ्या त्या फुकटच्या सिस्टीमने बाबांच्या बैठका खाल्ल्या." माझे आजपर्यंतचे म्हणणे असे की बैठका खाल्ल्या त्या त्या चौकटीतल्या खुणेने आणि दुसरी प्रत न ठेवण्याच्या आळसाने, त्या परत मिळाल्या त्या मात्र सिस्टीम उघडी होती म्हणूनच.

त्या कशा परत मिळाल्या ते सांगतो. दोनच आठवड्यांपूर्वी उबुंटूची आवृत्ती बदलण्याआधी मी होम फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती. गाणी दुसऱ्या हार्ड डिस्कवर असल्यामुळे त्या प्रतीत नव्हती, पण प्लेअरचा डेटाबेस होम फोल्डरातल्या एका लपलेल्या फोल्डरात होता, तो आपोआप वाचला होता. तो साधा एसक्यूलाइटचा डेटाबेस होता, म्हणजे तो उघडायला प्लेअर लागत नाही, टर्मिनलवरचा एक लहानसा प्रोग्राम पुरतो. त्यात प्रत्येक फाईलचा जुना पत्ता फोल्डरच्या नावासकट होता आणि शेजारच्या रकान्यात तिची लांबी सेकंदांत होती. मी अठरा कॅसेटी त्याच डेकवर पुन्हा उतरवल्या, पूर्वीसारखीच आगेमागेची खरखर कापली आणि लांबी ताडून पाहिली. पाच-सात सेकंदांच्या फरकाने एकेक बाजू आपल्या जुन्या नावाला जाऊन मिळत गेली. दोन कॅसेटी बुरशीने इतक्या चिकटल्या होत्या की फिरल्याच नाहीत, त्या कायमच्या गेल्या. आणखी दोहोंच्या लांब्या जवळजवळ सारख्या निघाल्या. कागद सांगत होते की एक मारवा आहे आणि एक पूरिया. दोन्ही रागांचे स्वर तेच, त्यामुळे माझ्या कानाला निवाडा होईना. तो भावोजींनी फोनवर तीन मिनिटे ऐकून केला: खाली मंद्रात गंधार-निषादाभोवती घोळते आहे ती पूरिया, रिषभ-धैवतावर अडून बसते तो मारवा. हे श्रेय मी त्यांना नेहमी देतो. डेटाबेसचे श्रेय ते कधीच देत नाहीत.

तेव्हा प्लेअरची पारख एकाच गोष्टीवरून करावी: तुम्ही भरलेली माहिती तो कोठे ठेवतो, आणि तो प्लेअर उद्या नाहीसा झाला तर ती तुम्हाला वाचता येईल का. नाहीसा होणे ही येथे अपवादात्मक घटना नाही. २००८ च्या डिसेंबरात अमारोक या प्लेअरची दुसरी आवृत्ती इतकी बदलून आली की जुन्या १.४ आवृत्तीवर प्रेम करणाऱ्यांनी त्याच धर्तीवर क्लेमेंटाइन उभा केला, तो २०१० मध्ये आला. त्याचे काम मंदावल्यावर २०१८ मध्ये त्यातून स्ट्रॉबेरी निघाला. बॅन्शी हा २०११ मध्ये उबुंटूचा मुख्य प्लेअर झाला आणि पुढच्याच वर्षी उबुंटूच्या १२.०४ आवृत्तीत आधीचा रिदमबॉक्स परत आला. प्लेअर येतात आणि जातात, संग्रह मात्र तुमच्याजवळच राहणार असतो. रिदमबॉक्स तुमच्या उबुंटूबरोबर कदाचित आलेलाच असेल. तो तारांकने (तुम्ही गाण्याला दिलेले तारे) आणि किती वेळा ऐकले याचा हिशेब एका एक्सएमएल फाईलमध्ये ठेवतो, जी साध्या मजकुरासारखी उघडून वाचता येते, म्हणून त्याला मी वाईट म्हणणार नाही. क्वॉड लिबेटमध्ये तारांकन थेट गाण्याच्या फाईलीतच लिहून ठेवण्याची सोय आहे. ती चालू आहे ना, हे सेटिंग्जमध्ये पाहावे. नसेल तर पहिल्याच दिवशी चालू करावी.

क्वॉड लिबेट सुचवण्याचे दुसरे कारण आपल्या संगीताच्या स्वरूपात आहे. बहुतेक प्लेअर गायक, अल्बम आणि शीर्षक या तीन खुंट्यांवर सगळे टांगतात, आणि ख्याल त्या खुंट्यांवर राहत नाही. मला राग हवा असतो, ताल हवा असतो, साथीदार हवे असतात. नाट्यसंगीतात नाटककार आणि संगीतकार वेगळे हवे असतात. गीतरामायणाचेच पाहा. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ५६ गीते प्रसारित झाली ती निरनिराळ्या गायकांच्या आवाजात, आणि पुढे घरोघर पोचले ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातले ध्वनिमुद्रण. शब्द दोन्हींकडे माडगूळकरांचे आणि चाली फडक्यांच्या. या दोन संचांची गल्लत होऊ द्यायची नसेल तर कवी, संगीतकार आणि गायक यांचे रकाने वेगवेगळे हवेत. फ्लॅक (आवाजातले काहीही न गाळता साठवणारी पद्धत) फाईलमध्ये हवे तितके नवे रकाने करता येतात (रकान्याचे नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, आतला मजकूर देवनागरीत चालतो) आणि क्वॉड लिबेट ते रकाने यादीत दाखवतो, त्यांवरून गाण्यांचे गट पाडतो आणि त्यांत शोधही घेतो. पूरिया, वीस मिनिटांहून मोठा, गेल्या वर्षभरात न ऐकलेला, असे त्याला एका ओळीत विचारता येते. हे मी रोज करतो.

टॅगमध्ये 'पंडित' लिहू नये. हे वाचून कोणाला राग येईल, पण 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि 'भीमसेन जोशी' हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. आदर ऐकताना दाखवावा. तसेच 'ॲ' हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते आणि 'अ'वर चंद्र देऊनही लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये कोणी टॅग भरून दिले असतील तर ते लिनक्सवर अगम्य चिन्हांसारखे दिसतील, आणि ते रूपांतर करून युनिकोडमध्ये आणावे लागतील किंवा नव्याने टंकावे लागतील.

आवाजाच्या दर्जाबद्दल फार खल करू नये. एकाच फाईलचा आवाज या प्लेअरवर 'मोकळा' आणि त्या प्लेअरवर 'बंदिस्त' लागतो असे सांगणाऱ्याला डोळे बांधून ऐकवावे. दोन गोष्टी मात्र खरोखर ऐकू येतात. पहिली म्हणजे, विलंबित संपून द्रुत सुरू होताना सीडीवर तुकडा बदलत असेल तर एमपी३ मध्ये मध्येच क्षणभर शांतता येऊ शकते, कारण ती पद्धत ठरावीक मापाच्या चौकटींत आवाज भरते आणि कडेला रिकामी जागा उरते. ती जागा वगळणारा प्लेअर हवा, किंवा मुळात फ्लॅक हवे. दुसरी म्हणजे, कॅसेटवरून उतरवलेले हळू आणि सीडीवरचे मोठे वाजते, त्यासाठी रिप्लेगेन ही पातळी सारखी करण्याची सोय वापरावी. ती मूळ आवाजाला हात लावत नाही, फक्त टॅगमध्ये एक आकडा लिहिते. मैफलीसाठी ती अल्बमनिहाय लावावी, नाहीतर हळुवार आलाप आणि जोरकस तराणा एकाच पातळीवर येऊन बसतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. क्वॉड लिबेट पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि वीस हजार फायली पहिल्यांदा वाचताना तो वेळ घेईल. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक स्वरूपात (यांत प्रोग्राम बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवलेला असतो) घेतलेल्या प्लेअरला बाहेरची हार्ड डिस्क दिसण्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागू शकते, तेव्हा संग्रह दिसला नाही म्हणून लगेच प्लेअर बदलू नये. फायली लावून देण्याची सोय स्ट्रॉबेरीतही आहे, आणि ती संग्रहाच्या प्रतीवर करून पाहिल्याखेरीज मूळ फायलींवर वापरू नये. तुम्ही फक्त इंटरनेटवरून ऐकत असाल तर माझ्या उत्तराचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. मात्र भावोजींनी पैसे मोजून गाणी विकत घेतलेली एक सेवा बंद पडली आणि संगणक बदलल्यावर ती गाणी उघडेनात, तेव्हा 'सिस्टीमने खाल्ली' असे त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाही.

गेल्या गणपतीत त्यांनी तो पूरिया पुन्हा ऐकला आणि सगळ्या बैठका पेनड्राइव्हवर मागितल्या, फोल्डर करून, टॅगबिग नकोत असे बजावून. मी फोल्डर करून दिले आणि टॅगही ठेवले. आठवड्याने त्यांचा फोन आला: गाडीच्या पडद्यावर रागाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात, ते नीट कधी करून देतोस?